पान उघडलंच आहे तर सगळ्या ओळी वाचून घ्या : महसूल मंत्र्यांना खुलं पत्र

मा. महसूल मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार साहेब,

माझ्या पणजीचं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आजोबा तीन वर्षांचे असताना ती गेली, मानमोडीच्या साथीत, म्हणजे १९१८ साली, मग पणजोबांनी दुसरं लग्न केलं आणि पुढे शाळेच्या दाखल्यापासून सातबाराच्या वारसनोंदीपर्यंत सगळीकडे सावत्र आईचंच नाव लागत गेलं. आजोबांना स्वतःला आईचं नाव ठाऊक नव्हतं, विचारलं की ते विषय बदलायचे.

दोन वर्षांपूर्वी मी फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर आमची वंशावळ भरायला घेतली, फुकट आहे म्हणून, नंतर मायहेरिटेजवरही अकाउंट काढलं. अमेरिकेतल्या चुलतभावाने त्याच्या बाजूचं भरलं, आत्याने फोनवर नावं सांगितली आणि महिन्याभरात झाड छान डेरेदार झालं. पणजोबांच्या शेजारचा चौकोन मात्र रिकामाच राहिला. या साइट्स मागतात पहिलं नाव, आडनाव, जन्मतारीख आणि शंभर वर्षांपूर्वीच्या आपल्या माणसाकडे यातलं एकच धड असतं. आडनाव कधी पाटील, कधी गावावरून, कधी काहीच नाही, नुसतं 'अमुक बिन तमुक', म्हणजे तमुकचा मुलगा. इंग्रजी स्पेलिंगचा गोंधळ तर सांगायलाच नको, एकट्या गायकवाडचीच किती होतात बघा.

फॅमिलीसर्चवर हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची पानं आहेत, १९७० च्या दशकापासून फॅमिलीसर्चवाल्यांनी ती मायक्रोफिल्म करून ठेवली, त्यांचे आभारच मानायला पाहिजेत. पण आमचं कुणी कधी हरिद्वारला गेलेलं नाही, आमची माणसं जाऊन जाऊन त्र्यंबकला. तिथेही जाऊन आले. गुरुजींनी गाव आणि आडनाव विचारलं आणि थोड्याच वेळात नामावळीची वही समोर ठेवली, त्यात खापरपणजोबांच्या बापापर्यंत नावं निघाली. सगळी पुरुषांची!

मग कुणीतरी म्हणालं कोतवाल बुक बघ, तहसीलच्या रेकॉर्ड रूमला असतं. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना चौदा, गावातले जन्म-मृत्यू त्यात लिहिलेले असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तीन खेपा घातल्या. पहिल्या दोन वेळा एकच प्रश्न, 'कुणबी नोंद पाहिजे का?' नाही म्हटलं की पुढचा, 'मग कशाला पाहिजे?' पणजीचं नाव शोधायचंय असं सांगितल्यावर समोरचा माणूस खरंच गोंधळला, त्यासाठी अर्जाचा नमुनाच नव्हता त्याच्याकडे. तिसऱ्या वेळी एका भल्या कर्मचाऱ्याने वही काढून दिली.

कडा झडलेल्या, पान उलटलं की भुगा हातावर यायचा, शाई तपकिरी पडलेली, सगळं मोडी लिपीत. मोडी मला तेव्हा येत नव्हती, मोबाईलवर फोटो काढले आणि ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षकांना व्हॉट्सॲपवर पाठवले. रात्री त्यांचा फोन आला. १९१८ च्या ऑक्टोबरची पानं इतकी भरलीत की लिहिणाऱ्याने ओळी दाटीवाटीने घातल्यात आणि कारणाच्या रकान्यात खालपर्यंत एकच शब्द, ताप, ताप, ताप. त्यातल्या एका ओळीत पणजीचं नाव, पुढे 'कोम' आणि पणजोबांचं नाव, म्हणजे त्यांची बायको. वय २४. नाव इथे लिहीत नाही, ते घरचं आहे. पण १०० वर्षांनी ते आमच्या घरात पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं गेलं आणि माझे ७८ वर्षांचे वडील रडले.

साहेब, आता मुद्द्यावर येते. २०२३ मध्ये मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्या. शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभरात ही दप्तरं उघडली गेली, मोडी वाचणारे शोधून शोधून आणले गेले, नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या वेबसाइटवर चढल्या. एवढं मोठं काम आपल्या महसूल खात्याने करून दाखवलंय, होत नाही असं आता कुणी म्हणू शकत नाही. पण शोध एकाच शब्दाचा होता, 'कुणबी'. त्या पानावर ज्या ओळीत तो शब्द नाही ती ओळ तशीच राहिली, माझ्या पणजीची ओळ त्यातलीच. वाचणाऱ्याची नजर तिच्यावरून गेली असणार आणि पुढे सरकली असणार. पान एकदा उघडलंच आहे तर सगळ्या ओळी वाचून घ्या ना. प्रत्येक वेळी उघडताना ते पान थोडं थोडं झिजतंय.

आणि शोधता येऊ दे ते नावाने. जुन्या कागदांचं 'आपले अभिलेख' हे सरकारी पोर्टल फार उपयोगाचं आहे, पण ते मुख्यतः जमिनीच्या कागदांसाठी उभं केलंय, तिथे गट नंबर, सर्व्हे नंबर लागतो. बाईच्या नावावर कुठला आलाय सर्व्हे नंबर? गाव, साल, नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव एवढ्यावर शोध लागला पाहिजे, 'बिन' आणि 'कोम' ओळखणारा, आडनाव नसलं तरी चालणारा. जातीचा रकाना मात्र या सर्चमध्ये ठेवू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे, दाखल्यासाठी ती सोय वेगळी आहेच, शेजाऱ्याची जात हुडकायला याचा वापर व्हायला नको.

खाजगीपणाचं काय असं तुमचे अधिकारी विचारतील आणि बरोबरच विचारतील. स्कॉटलंडचं सरकार स्वतःची अशी साइट चालवतं, स्कॉटलंड्सपीपल नावाची, तिथे जन्माची नोंद १०० वर्षांनी, लग्नाची ७५ आणि मृत्यूची ५० वर्षांनी पानासकट ऑनलाइन बघायला मिळते, नाव शोधायला पैसे नाहीत, पान बघायला थोडे लागतात. आपणही अशीच एक रेष आखू शकतो.

माणसं कुठून आणायची? अमेरिकेची १९४० ची जनगणना २०१२ मध्ये खुली झाली तेव्हा दीड लाखावर स्वयंसेवकांनी घरी बसून १३ कोटींहून जास्त नावं चारपाच महिन्यांत टाईप केली. आपल्याकडे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, शिकलेल्या पोरांना पुढे वाचायला कागद मिळत नाहीत. त्यांना स्कॅन द्या, एक ओळ दोघांनी वाचायची, जुळली नाही तर तिसऱ्या जाणत्याने बघायची. मशीनचीही मदत घ्या हवी तर, पण गावची नावं मशीनपेक्षा गावचा माणूस लवकर ओळखतो.

अजून एक गोष्ट. मॉरिशसला गेलेल्या मजुरांची रजिस्टरं तिथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेली आहेत, त्यात नाव, बापाचं नाव, गाव, जिल्हा असतं, काहींचे तर फोटोसुद्धा. कोकणातून गेलेल्या मराठी माणसांचे पणतू त्यावरून 'रत्नागिरी' या शब्दापर्यंत येऊन पोचतात. पुढचं दार आपल्या बाजूला आहे.

मी आता मोडीचा वर्ग पूर्ण केलाय. त्याच तालुक्याची १९१८ ची सगळी गावं वाचायला मी तयार आहे, शनिवार-रविवार, विनामोबदला. माझ्यासोबत आणखी चौघी तयार आहेत. स्कॅन तेवढे पावसाळ्याच्या आत करून घ्या साहेब, त्या खोलीचं छत मी पाहिलंय.

आपली,
सातारा जिल्ह्यातली एक नागरिक