काका, नॉर्थ विल्क्सबरोला नेलंत त्याबद्दल

ती. काका,
सा. न. वि. वि.

तुमच्या सहस्रचंद्रदर्शनाला जुन्या पोरांनी चार-चार ओळी लिहून पाठवाव्यात, असा तुमच्या लेकीचा निरोप आला. विमानतळावरून घरी नेलंत, गणपतीत जेवू घातलंत, पहिल्या थंडीत जुना कोट दिलात, हे सगळं बाकीचे लिहितीलच. ते माझ्याही वाट्याला आलं, पण ते त्यांच्यावर सोडतो. मला आभार मानायचेत एका रविवारचे. तारीख २९ सप्टेंबर १९९६. चार ओळींत ते बसेना, म्हणून हे पत्र. आणि लेकीला विचारूनच ते सगळ्यांसमोर ठेवतोय.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलेला टेक्स्टाइलचं एमएस करायला मी नुकताच आलो होतो. तुमचा फोन आला, "इचलकरंजी, रविवारी काय करतोयस?" (माझं नाव तुम्ही तेव्हाही घेत नव्हता, आताही घेत नाही.) तुमच्या शॉपमधल्या कुणाचं तरी तिकीट उरलं होतं. मोटारींची शर्यत आहे, शेवटची आहे, परत व्हायची नाही, एवढंच सांगितलंत. इतकी मराठी पोरं असताना मलाच का, असं विचारलं तर म्हणालात, "तू मागाच्या खडखडाटात वाढलायस. तुला आवाजाचं काही वाटणार नाही."

तुमच्या विन्स्टन-सेलमपासून नॉर्थ विल्क्सबरोच्या ट्रॅकपर्यंत तासाभराचा रस्ता. ४२१ नंबरचा हायवे डोंगरांकडं निघाला तसे तुम्ही बोलायला लागलात. विल्क्स काउंटी म्हणजे चोरट्या दारूचा मुलूख. रात्री डोंगरातल्या हातभट्ट्यांवरून माल भरायचा आणि पहाटेच्या आत खालच्या शहरांत पोचवायचा. गाडी बाहेरून अगदी साधी, शेजाऱ्याची असावी तशी. आत इंजिन मात्र पोलिसांच्या गाडीला मागं टाकेल असं बनवलेलं. या धंद्यातूनच ज्युनियर जॉन्सन आला. रस्त्यावर तो कधी कोणाला सापडला नाही, सापडला तो १९५६ साली, बापाच्या भट्टीवर. अकरा महिने तुरुंगात काढले, आधीच्या-नंतरच्या मिळून एकंदर ५० मोठ्या शर्यती जिंकल्या, आणि १९८६ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. हे सांगताना तुमचा चेहरा असा, की तो तुमचा मावसभाऊच.

मग १९८९चा किस्सा, जो तुम्ही स्वतः याच ट्रॅकच्या स्टँडमध्ये बसून पाहिला होता. शेवटची फेरी, तुमचा लाडका ड्रायव्हर डेल अर्नहार्ट पुढं. पहिल्या वळणावर रिकी रड आतल्या बाजूनं घुसला, गाड्या एकमेकींना लागल्या, दोघंही गरकन फिरले, आणि मागून येणारा जेफ बोडाइन अलगद पुढं निघून जिंकला. त्या वर्षीचं अजिंक्यपद अर्नहार्टनं १२ गुणांनी गमावलं. "त्या एका वळणावर गेलं ते," असं म्हणून तुम्ही स्टिअरिंगवर हात आपटलात. सात वर्षं झाली होती, तरी राग तस्साच.

मी शर्यतीचं मैदान म्हणजे काहीतरी भव्य समजून चाललो होतो. बघतो तर एक लहानसा लंबगोल. एक फेरी ०.६२५ मैलांची, आपल्या हिशेबानं जवळपास एक किलोमीटर. अशा ४०० फेऱ्या, म्हणजे कोल्हापूरहून निघून मुंबई गाठण्याइतकं अंतर, फक्त डावीकडं वळत. आणि मैदान सपाटही नाही! समोरची सरळ बाजू उताराची, पलीकडची चढाची. इनॉक स्टेली आणि मंडळींनी १९४७ साली हा ट्रॅक काढला तेव्हा माती सारखी करता करता पैसेच संपले, म्हणून तो तसाच राहिला, असं तिकडं सगळेच सांगतात. १९४९ साली स्टॉक कारांची, म्हणजे बाहेरून रस्त्यावरच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांची, पहिली नॅसकार मालिका झाली, तिची शेवटची शर्यत याच ट्रॅकवर झाली होती. भिंती, पाट्या, सगळं लाल-पांढरं. तुमच्या गावच्या सिगारेट कंपनीच्या ब्रँडवरूनच मालिकेला विन्स्टन कप म्हणायचे, आणि त्या कंपनीचा रंग ट्रॅकोट्रॅकी पोचला होता.

हिरवा झेंडा पडला आणि माझा मागावरचा तोरा पहिल्याच फेरीत उतरला. एकेक गाडी साडेपंधराशे किलोच्या आसपास, आत व्ही-८ इंजिन, सातशेच्या घरात हॉर्सपॉवर, आणि अशा तीस-पस्तीस गाड्या एका किलोमीटरच्या वाटीत कोंडलेल्या. आवाज कानात कमी आणि बरगड्यांत जास्त शिरतो. काकूंनी कानात घालायला दिलेले बोळे मी खिशात ठेवले होते, ते गुपचूप बाहेर काढले. तुम्ही पाहिलंत, पण काही बोलला नाहीत. त्याबद्दलही आभार.

पहिल्या पन्नासेक फेऱ्या मला काहीही कळलं नाही. वीस सेकंदांत एक फेरी होते. पुढचा कोण, मागचा कोण, एक फेरी मागं पडलेला कोण, सगळा चिवडा. तेव्हा तुम्ही स्कॅनरचा एक हेडफोन माझ्या कानावर चढवलात आणि ओरडून म्हणालात, "एकच गाडी धर. बाकीच्या सोड. आणि पहिली धरू नकोस, पहिल्याला तक्रार नसते." पंधराव्या-सोळाव्या जागेवर घुटमळणारी एक गाडी तुम्ही मला लावून दिलीत. ड्रायव्हर आणि त्याच्या क्रूचं रेडिओवरचं बोलणं थेट कानात. पुढचे दोन-अडीच तास मी त्या एकाच माणसाचं रडगाणं ऐकत होतो, आणि तिथं मला शर्यत दिसायला लागली.

तो म्हणायचा, गाडी टाइट आहे. म्हणजे वळणावर चाकं वळवली तरी पुढचा भाग सरळ भिंतीकडं जायला बघतोय. पिवळा झेंडा लागला, म्हणजे सगळ्यांनी वेग कमी करायचा, आणि गाडी पिटमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या जागी आली. एकानं जॅक मारला, पाच-पाच नट काढून उजवीकडची दोन्ही चाकं बदलली, मग डावीकडची. नव्या चाकांवर नट आधीच गोंदानं चिकटवून ठेवलेले असतात, म्हणजे चाक बसवलं की नुसती गन लावायची. हे तुम्ही मला दुर्बिणीतून दाखवलंत. आणि मागच्या काचेतल्या एका भोकातून एकानं लांब पाना आत घातला, एक झटका दिला, बाहेर काढला. बस. स्प्रिंगवरचा दाब किंचित बदलला. परत ट्रॅकवर गेल्यावर तो म्हणतो, आता लूज झाली, मागचा भाग बाहेर पळतोय. पुढच्या वेळी पाना उलटा, निम्मा. आमच्या मागावरचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, नुसत्या आवाजावरून सांगायचा की धोटा कुठं घासतोय. हा माणूस बसल्या जागी पाठीनं सांगत होता की गाडीच्या कोणत्या कोपऱ्यावर किती भार आहे. सोळाव्यावरून तो हळूहळू वर सरकला तेव्हा मी उभा राहून ओरडत होतो. पुढं कोण चाललंय याचं मला भानही नव्हतं.

याच दरम्यान काकूंनी दिलेली दशमी उघडली. दोन घास खाल्ले आणि दाताखाली काहीतरी आलं. बघतो तर शेंगदाण्याच्या चटणीवर काळे, वळवट्यांसारखे बारीक तुकडे. मला वाटलं भिंतीचं काहीतरी पडलं. तुम्ही हसत सुटलात. "टायर आहे तो. खा!" ट्रॅकचं डांबर १९८१ सालचं. इतक्या वर्षांत वरचं मऊ निघून गेलेलं आणि खडी उघडी पडलेली, कानशीच ती. ताज्या टायरांवर गाडी सुसाट निघते आणि मग फेरीफेरीला मंदावते, कारण रबर सोलून निघत असतं. ते सोललेलं रबर वळणाच्या वरच्या बाजूला साचतं आणि उडून प्रेक्षकांत येतं. त्यातला एक तुकडा मी बोटांनी चुरगाळत बसलो. चिकट, कोमट.

तेव्हाच तुम्ही सहज जाता जाता जे बोललात, त्यावर माझं पुढचं आयुष्य गेलं. तुम्ही म्हणालात, याच ट्रॅकवर १९८९च्या एप्रिलमध्ये गुडइयरचे रेडियल टायर, म्हणजे आतले धागे आडवे सरळ गेलेले, या मालिकेत पहिल्यांदा पळाले. त्याआधी फेब्रुवारीत डेटोनाला आणले होते, पण सरावातच अपघात झाले म्हणून मागं घेतले. इथं आणले, आणि अर्नहार्ट त्यांच्यावर जिंकला. "रबर सगळ्यांना दिसतं रे. आतलं कापड कोणी बघत नाही. तू कापडवाला ना? मग सांग, त्या टायरात काय विणलंय?"

मला सांगता आलं नाही. पुस्तकात एक धडा होता, तो परीक्षेपुरता वाचलेला. परत गेल्यावर तो नीट वाचला, मग त्यावरचे पेपर काढले, आणि वर्षअखेरीस थीसिसचा विषयच बदलून टायर कॉर्ड, म्हणजे टायरातला धागा, घेतला. पीळ दिलेला धागा किती ताणला की किती गरम होतो, रेझॉर्सिनॉल-फॉर्मल्डिहाइड-लॅटेक्सच्या द्रावणात तो बुडवल्याशिवाय रबर त्याला का धरत नाही, यात मी गेली पंचवीसहून जास्त वर्षं आहे. भारतात परतलो तेव्हा आपले ट्रक नायलॉनच्या क्रॉस-प्लाय, म्हणजे तिरप्या एकमेकांवर गेलेल्या धाग्यांच्या, टायरांवर चालत होते. रेडियल हळूहळू आले, आणि त्या बदलात माझीही थोडीफार हमाली झाली. ऑफिसात लोक विचारतात, टेक्स्टाइलचा माणूस टायरात कसा? मी चटणीची गोष्ट सांगतो. कोणी विश्वास ठेवत नाही.

शर्यत जेफ गॉर्डननं जिंकली, अर्नहार्ट दुसरा. डोव्हर, मार्टिन्सव्हिल आणि हे, असे गॉर्डनचे ओळीनं तीन विजय. पंचविशीतलं देखणं पोरगं, इंद्रधनुषी रंगाची २४ नंबरची गाडी, आणि अख्खं स्टँड त्याला शिव्या घालतंय. अजिंक्यपद मात्र त्याच्याच संघातल्या टेरी लाबॉन्टीनं त्या वर्षी ३७ गुणांनी नेलं. मला गॉर्डन आवडला होता, पण तुमच्या शेजारी बसून तसं म्हणायची सोय नव्हती. जुलैमध्ये टॅलाडेगाला अर्नहार्टच्या छातीचं हाड आणि गळपट्टीचं हाड मोडलं होतं, आणि दोन महिन्यांत तो इथं दुसरा आला, हे तुम्ही त्या दिवशी ज्याला त्याला ऐकवत होतात. ते मात्र मला पटलं होतं.

शर्यत संपल्यावर लोक उठेनात. तुम्ही मला तेव्हा सांगितलंत की हे बंद का होतंय. स्टेली १९९५ साली गेले. ट्रॅकची मालकी दोघा मोठ्या ट्रॅकमालकांनी निम्मी-निम्मी विकत घेतली. वर्षातल्या दोन शर्यतींपैकी एक टेक्ससला गेली, एक न्यू हॅम्पशायरला. गर्दी कमी नव्हती, तोटाही कोणी म्हणत नव्हतं. शर्यतीची तारीखच ट्रॅकपेक्षा महाग झाली होती. गिरणगावची गोष्ट आठवून मी काही बोललो नाही. पुढच्या रांगेतला टोपीवाला म्हातारा तुमच्याशी बराच वेळ हात मिळवून उभा होता. तुम्ही दोघं एकमेकांना ओळखत नव्हता.

हे सगळं तुम्हाला काही करायची गरज नव्हती. ते तिकीट शॉपमधल्या दुसऱ्या कोणाला सहज विकलं गेलं असतं, आणि शेवटच्या शर्यतीचं म्हटल्यावर चढ्या भावानं. तुम्ही ते अशा पोराला दिलंत ज्याला स्टॉक कार म्हणजे काय तेही माहीत नव्हतं, वर पैसे घेतले नाहीत, आणि सबंध दिवस दुसऱ्या हेडफोनवर स्वतःच्या अर्नहार्टऐवजी माझा सोळाव्या नंबरचा ऐकलात. स्कॅनर एकच होता, त्यावर एका वेळी एकच गाडी लागायची, हे मला फार नंतर, स्वतः एक विकत घेतल्यावर कळलं. अर्नहार्टच्या तिथल्या शेवटच्या शर्यतीत तुम्ही त्याचा आवाज ऐकला नाहीत, काका. या पत्रात आभार मानायचेत ते मुख्यतः याचे.

मे २०२३ मध्ये तिथं पुन्हा कप मालिकेच्या गाड्या पळाल्या, ऑल-स्टार रेस झाली, काइल लार्सन जिंकला. तेच डांबर, तोच उतार. मी इथं पहाटे उठून पाहिली आणि तुम्हाला फोन लावला, तर तुम्ही आधीच उठून बसला होतात. पुढच्या वर्षी त्यांनी ट्रॅक नव्यानं डांबरला, त्यावर तुमचं मत मला ठाऊक आहे. इथं छापण्यासारखं नाही. तरी रबराचा माणूस म्हणून सांगतो, बेचाळीस वर्षांचं डांबर फुटत होतं, त्याला इलाज नव्हता.

सोहळ्याला मी आणि बायको आदल्या दिवशीच पोचतोय. काकूंना म्हणावं, दशमी मी आणणार, त्यांनी काही करू नये. स्कॅनर घेऊन येत नाही, पुण्यात ऐकायला काही नाही. पण १९८९चं ते पहिलं वळण मी अलीकडं पुन्हा पुन्हा सावकाश लावून पाहिलंय, आणि माझं मत असं झालंय की रिकी रडला आत घुसायला जागा होती. तयारीत राहा.

तुमचा,
इचलकरंजी