समुपदेशनाचे यश पत्नीला विचारून ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरात मारहाण करणाऱ्या पुरुषांसाठी सुधारवर्ग असावेत, अशी चर्चा इंदूरच्या मराठी घरांतूनही आता होऊ लागली आहे आणि मला ती स्वागतार्ह वाटते. मात्र अशा वर्गांचे यश कशावरून ठरवायचे, हे आधी निश्चित झाले पाहिजे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १४ नुसार दंडाधिकारी प्रतिवादीला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला, समुपदेशन घेण्याचा आदेश देऊ शकतात. पुढे त्या माणसाच्या वागण्यात काय फरक पडला, हे कोण पाहते? परिवार परामर्श केंद्रात, म्हणजे कौटुंबिक समुपदेशन केंद्रात, समझौता झाला आणि बायको पुन्हा नांदायला गेली की प्रकरण मिटले असे धरले जाते. ती परत गेली एवढेच त्या कागदावरून कळते. मारहाण थांबली की नाही, ते कळत नाही.

अमेरिकेत असे वर्ग १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून चालतात. फेडर आणि विल्सन या संशोधकांनी २००५ मध्ये अशा वर्गांच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा पोलीस व न्यायालयाच्या नोंदींत थोडी सुधारणा दिसली. पण जोडीदार स्त्रियांच्या सांगण्यात ती आढळली नाही. यात नवल नाही, कारण बहुतेक मारहाण ठाण्यापर्यंत पोहोचतच नाही. ब्रिटनमध्ये २०१५ साली अहवाल आलेल्या मिराबल या अशाच वर्गांवरील संशोधन प्रकल्पाने स्त्रियांनाच विचारले, तेव्हा शारीरिक हिंसा बरीच घटल्याचे दिसले, परंतु बायकोच्या पैशांवर, येण्याजाण्यावर आणि बोलण्यावर ताबा ठेवण्याची सवय तितकी सुटलेली नव्हती. नुसते मारहाणीचे प्रसंग मोजले असते, तर हे उजेडात आलेच नसते.

आणखी एक चूक हमखास होते. वर्ग मध्येच सोडणाऱ्यांना हिशेबातून वगळून शेवटपर्यंत टिकलेल्यांचेच यश सांगितले जाते. वास्तविक ज्यांच्यापासून स्त्रीला अधिक धोका असतो, असे पुष्कळजण या सोडून जाणाऱ्यांतच असतात.

म्हणून महिला व बालविकास विभागाने आणि अशा कामाला मदत करू इच्छिणाऱ्या आपल्या मराठी संस्थांनी नाव नोंदवलेल्या प्रत्येक पुरुषाच्या पत्नीची वर्षभर विचारपूस करावी. ही विचारपूस समझौता घडवणाऱ्या व्यक्तीने करू नये. नवरा आणि सासरची माणसे जवळ नसताना, स्त्रीच्या संमतीने ती व्हावी आणि तिचे उत्तर नवऱ्याच्या कानी जाणार नाही, याची लेखी हमी तिला मिळावी.

आपली,
एक वाचिका, इंदूर