ते चित्र मिरो यांचे नव्हे, मीर यांचे

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत बार्सिलोना शहरावर आलेल्या लेखासोबत, अर्धवट बांधलेल्या साग्रादा फामिलिया या चर्चसमोर बसलेल्या भिकाऱ्यांचे चित्र छापले आहे आणि त्याखाली चित्रकार जुआन मिरो यांचे नाव आहे. हे चित्र १८९८ सालचे आहे. मिरो तेव्हा जेमतेम पाच वर्षांचे होते. ‘गरिबांचे कॅथेड्रल’ या नावाने ओळखले जाणारे ते चित्र ज्वाकिम मीर यांचे आहे.

दुरुस्ती एवढ्यावर थांबवता आली असती. परंतु मीर हे मुळात निसर्गचित्रकार होते आणि त्यांची ओळख या एकाच चित्रावर अडकून राहावी, हे मला योग्य वाटत नाही. १८७३ मध्ये बार्सिलोनात जन्मलेले मीर तरुणपणी इसिद्रे नोनेल आदी मित्रांबरोबर शहराच्या वेशीबाहेर जाऊन चित्रे काढत, आणि त्या चित्रांतील पिवळ्या छटांमुळे या टोळक्याला ‘केशर मंडळी’ असे नाव पडले. पुढे नोनेल पॅरिसला गेले. मीर यांनी मात्र १९०० च्या सुमारास चित्रकार सांतियागो रुसिन्योल यांच्यासोबत मायोर्का बेट गाठले. रुसिन्योल तेथील बागांमध्ये रमले. मीर सा कालोब्राच्या निर्जन कड्यांकडे वळले, आणि तेथे त्यांच्या चित्रांतून हळूहळू आकारच विरघळू लागले, इतके की खडक कोठे संपतो आणि पाण्यातले त्याचे प्रतिबिंब कोठे सुरू होते, हे पाहणाऱ्याला शोधावे लागते. माझ्या मते त्यांचे सर्वांत धाडसी काम हेच.

१९०५ मध्ये ते कड्यावरून पडून गंभीर जखमी झाले. त्यानंतर रेउस येथील मनोरुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले, आणि बरे होताच त्यांनी तारागोना परिसरातील अलेशारसारख्या खेड्यांत पुन्हा कुंचला हाती घेतला. १९२१ मध्ये विवाह करून ते विलानोव्हा इ ला जेल्त्रू या किनाऱ्यावरील गावी स्थायिक झाले. १९३० मध्ये माद्रिदच्या राष्ट्रीय प्रदर्शनात त्यांना मानाचे पदक मिळाले. १९४० मध्ये, स्पेनमधील यादवी युद्ध संपून वर्ष उलटते न उलटते तोच, त्यांचे निधन झाले.

आणखी एक गोष्ट लेखात यायला हवी होती. उद्योगपती असलेल्या मामांच्या बार्सिलोनातील घरासाठी मीर यांनी भित्तिचित्रे केली होती. वास्तुरचनाकार पुच इ कादाफाल्क यांनी बांधलेली ती वास्तू १९६० च्या दशकात पाडण्यात आली, हे साग्रादा फामिलियाचे वास्तुरचनाकार गौदी यांच्या वास्तूंचे कौतुक करताना सहसा कोणी सांगत नाही.

पुढील अंकात चित्राखालील नाव दुरुस्त करावे, ही विनंती. जागा असल्यास मायोर्कातील एखादे चित्रही छापावे, मात्र रंगीत पानावर. कृष्णधवल छपाईत मीर यांचे फारसे काही उरत नाही.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे