नावं विचारायची राहून गेली, त्यांचे आभार

प्रत्येक राज्यातलं सर्वोच्च शिखर गाठायचा नाद कळसूबाईपासून लागला. १६४६ मीटर. पहाटेच्या धुक्यात लोखंडी शिडीवर माझे पाय लटपटायला लागले, तेव्हा उतरून येणाऱ्या एक मावशी थांबल्या. "खाली बघू नको, फक्त पुढची पायरी बघ," म्हणाल्या, माझी सॅक खांद्यावर घेतली आणि पुन्हा वर आल्या. मावशी, तुमच्या चपलेचा पट्टा सुतळीने बांधलेला होता, एवढंच लक्षात आहे.

राजस्थानचं गुरुशिखर (१७२२ मीटर) आणि तमिळनाडूचं दोड्डबेट्टा (२६३७ मीटर) इथे गाडी जवळपास माथ्यापर्यंत जाते. तिथे मदत लागली ती फोटो काढण्यापुरती!

खरी परीक्षा पश्चिम बंगालच्या संदकफूला, ३६३६ मीटर. डोकं ठणकत होतं, मळमळत होतं, तरी 'काही नाही' म्हणत मी हट्टाने चढत होतो. दुसऱ्या गटातल्या एका दादांनी सरळ दंड धरून मला मागे वळवलं आणि खालच्या वस्तीपर्यंत सोबत उतरले. त्यात त्यांचा कांचनजंगाचा सूर्योदय हुकला. मी मात्र त्यांच्यावरच चिडलो होतो. दादा, त्याबद्दल माफी, आणि मनापासून आभार. पुढच्या वर्षी परत गेलो. झालं एकदाचं संदकफू.