सोन्याच्या नावाने विकले जाणारे ‘दुप्पट’ फंड

महोदय,

सोन्याचा भाव चढू लागला की अमेरिकेत नोकरीला असलेले एखादे भाचे-पुतणे घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिथल्या लिव्हरेज्ड (म्हणजे उधारीच्या जोरावर भावातला चढउतार दुप्पट-तिप्पट करणाऱ्या) गोल्ड फंडाचा आलेख टाकतात आणि ‘तेवढ्याच पैशांत दुप्पट सोने’ असा त्याचा अर्थ इथल्या काका-मामांनी लावलेला असतो. हा अर्थ चुकीचा असल्याने चार गोष्टी मांडतो.

यातला परिचित फंड म्हणजे 2008 पासून तिथल्या बाजारात असलेला ‘प्रोशेअर्स अल्ट्रा गोल्ड’. सोन्याच्या निर्देशांकात एका दिवसात जेवढा चढउतार होईल, त्याच्या दुप्पट परतावा देणे एवढेच त्याचे उद्दिष्ट आहे. वर्षभराच्या दुपटीचा दावा खुद्द फंडही करत नाही. त्याच्या तिजोरीत सोने नसते, वायदे (आज ठरलेल्या भावाने पुढच्या तारखेला खरेदी-विक्री करण्याचे करार) आणि तत्सम करार असतात. ही दुप्पट रोज नव्याने जुळवावी लागते, म्हणजे भाव चढला की आणखी खरेदी करायची आणि उतरला की विक्री करायची. महाग घ्यायचे आणि स्वस्तात विकायचे, हे असे रचनेतच आले.

आकडेमोड करून पाहावी. सोने 100 वरून 110 वर गेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 100 वर आले, तर सोने बाळगणाऱ्याचे काहीच गेले नाही. दुप्पट फंड मात्र 120 वर जाऊन नंतर 18 टक्क्यांहून अधिक घसरतो आणि 98 च्या आसपास येऊन थांबतो. सोने एका दिवसात सहसा इतके हलत नाही, हा आक्षेप रास्त आहे. रोज एक टक्का वर-खाली होऊन वर्षअखेर भाव जागच्या जागी राहिला, तर ही झीज अडीच टक्क्यांच्या आत राहते. शिवाय फंडाचा सुमारे एक टक्का खर्च आणि मुदत संपत आलेले वायदे विकून पुढच्या मुदतीचे घेण्याचा खर्च वेगळा. भाव सलग चढत राहिला तर हाच हिशेब उलट फायद्याचाही ठरतो.

खरा धोका सोन्याच्या खाणकंपन्यांच्या शेअरवर बेतलेल्या फंडांत आहे. हे शेअर रोज तीन टक्के वर-खाली होऊन वर्षअखेर मूळ जागी आले, तर दुप्पट फंडाचे सुमारे 20 टक्के आणि तिप्पट फंडाचे जवळजवळ निम्मे भांडवल गेलेले असते. ‘डायरेक्सियन’ कंपनीने आपला असा तिप्पट फंड मार्च 2020 च्या पडझडीनंतर दुपटीवर आणला, यातच सारे आले. त्याच वर्षी जुलैमध्ये क्रेडिट स्विसने सोन्यावरील आपल्या तिप्पट नोट्स शेअर बाजारातून काढून घेतल्या. अशी नोट म्हणजे बँकेने दिलेले विनातारण कर्जरोखे असतात. त्यामागे ना सोने, ना फंडाची मालमत्ता.

घसरणीचा वेगही ध्यानात घ्यावा. एप्रिल 2013 मध्ये दोन व्यवहारदिवसांत सोने सुमारे 13 टक्के कोसळले. त्या दोन दिवसांत दुप्पट फंडधारकाची जवळजवळ पाव रक्कम गेली असणार. अमेरिकेतील ‘फिनरा’ या नियामक संस्थेने तर 2009 मध्येच दलालांना बजावले होते की एका दिवसापेक्षा अधिक काळ ठेवायला असे फंड सामान्य गुंतवणूकदारांना सहसा योग्य नसतात.

आपल्याकडच्या गोल्ड ईटीएफला (शेअर बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या सोन्याच्या फंडाला) सेबीच्या नियमानुसार किमान 95 टक्के रक्कम सोन्यात व सोन्याशी निगडित साधनांत ठेवावी लागते, त्यामुळे ही भानगड इथे उद्भवत नाही. परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेतही मार्जिनसाठी, म्हणजे उधारीच्या सौद्यांच्या अनामतीसाठी, पैसे पाठवायला मनाई आहे. या फंडांत मात्र उधारी फंडाच्याच पोटात असल्याने खरेदी करणाऱ्याला ती दिसत नाही. म्हणून ग्रुपवर आलेख टाकणाऱ्याला एकच विचारावे: भाव बराच वर-खाली होऊन शेवटी होता तिथेच राहिला, अशा एखाद्या वर्षाचा आलेख तुझ्याकडे आहे का?

– एक वाचक, ठाणे