माझं गाणं तुझ्याकडे कसं आलं

प्रिय चिऊ,

विशारदच्या शेवटच्या परीक्षेला बसत नाहीये, गाणं बंद करतेय, असं तू घाईघाईत सांगितलंस आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवलास. फोनवर मला मनातलं नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितेय. लांबलचक होईल, मेसचं जेवण झालं की निवांत वाच.

पहिलं म्हणजे मी रागावलेली नाही. आणि दुसरं, मला हे आधीपासून कळलं होतं. कसं, ते सांगते.

एमएस्सीला गेल्यापासून तू फोनवर नुसती कुरकुर करतेस. उन्हात फिरून चेहरा करपला, जतकडे सावलीला एक झाड सापडत नाही, सरांनी रिपोर्ट परत लिहायला लावला, विहिरींची पातळी मोजता मोजता पाय भरून आले. तासभर हे सगळं ऐकवून झालं की लगेच "आई पण ऐक ना" म्हणून सुरू करतेस, की आपल्याकडच्या काळ्या दगडात पाणी नुसतं भेगांत आणि झिजलेल्या थरात असतं, वरून सगळं सारखंच दिसतं. मामानं हातात नारळ घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याला बोअरची जागा विचारली म्हणून त्याच्याशी केवढी भांडलीस. आणि गाण्याबद्दल? लहानपणापासून एकदाही कुरकुर नाही. घसा बसलेला असला तरी पेटी काढून बसायचीस, पाहुण्यांसमोर गा म्हटलं की गायचीस, सगळे म्हणायचे किती समजूतदार पोरगी. मला मात्र ते बघून आत कुठंतरी टोचायचं, कारण ते गप्प राहणं माझ्या चांगलंच ओळखीचं आहे.

तुझी आजी सातवी फायनल पास होती. त्या काळात तेवढ्या शिक्षणावर बाई मास्तरीण होऊ शकायची, गावातल्या एकदोघी झाल्याही, पण आजीचं लग्न ठरलं आणि विषय संपला. तिनं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही पण ते सर्टिफिकेट ब्लाऊजपीसात गुंडाळून ट्रंकेत तळाशी ठेवलेलं असायचं, आणि मी अभ्यासाला बसले की ती शेजारी वाती वळत बसायची. मला येणारं गणित तिला येत नव्हतं, तरी उठायची नाही, माझं पान उलटलं की तिचा हात थांबायचा. १९९४ला महाराष्ट्राचं महिला धोरण आलं, सरकारी नोकऱ्यांत बायकांना ३० टक्के जागा, ते ऐकून ती शेजारीपाजारी सांगत फिरली. तिचं एकच म्हणणं, "पगाराचं पाकीट सोताच्या हातात पडलं पायजे, मग कुनाचं ऐकून घ्यायला लागत न्हाई." मी तेव्हा डी.एड.ला होते. आधी मध्यमापर्यंत, म्हणजे विशारदच्या खालच्या परीक्षेपर्यंत, गाणं शिकले होते, आमच्या गाण्याच्या बाई म्हणायच्या हिचा आवाज लागतो, पण डी.एड. म्हटल्यावर क्लास सुटला आणि घरात कुणाला त्यात काही चुकल्यासारखं वाटलंच नाही.

आजीचं खरं ठरलं, हे मी आजही मानते. त्या पगारावर हे घर उभं राहिलं, तुझी फी भरली, आणि खरंच मला कुणाचं ऐकून घ्यावं लागलं नाही. पण एक गोष्ट मला तिच्यासमोर कधी करता आली नाही. नोकरीबद्दल रडता आलं नाही. वस्तीवरची शाळा, एसटी चुकली की पायपीट, पोषण आहाराची नोंदवही, जनगणना, निवडणुकीची ड्युटी, शिकवायला वेळच उरायचा नाही. असं काही बोलायला लागले की तिचा चेहरा असा पडायचा ना, की मीच पुढचं गिळून टाकायचे. तिच्या मनातली मास्तरीण इस्त्रीची साडी नेसून फळ्यासमोर उभी होती, तिला कधी खिचडीचा तांदूळ मोजावा लागला नव्हता, कारण ती कधी शाळेत गेलीच नव्हती. जे करून बघितलेलंच नाही त्यात माणूस नापास तरी कसं होणार? मी रोज त्या न झालेल्या मास्तरणीच्या शेजारी उभी राहून थोडी कमीच पडायचे, आणि त्यात आजीचा काही दोष नव्हता गं.

आता माझ्याकडे तशीच एक न झालेली गायिका आहे. तिला कधी सर्दी होत नाही, तिचा तार षड्ज, तो वरचा सा, कधी हुकत नाही. तुला मी क्लासला घातलं, मिरजेला जाऊन तंबोरा आणला, ते मला हवं होतं म्हणून. हे मी तुला स्पष्ट सांगून टाकतेय. आईला लेकरासाठी काहीतरी हवं असणं यात मला वाईट काही दिसत नाही, आणि सूर ओळखणारे कान तुझ्याकडे राहतीलच. पण ते हवंसं वाटणं माझं होतं हे तुला नावानिशी माहीत असायला हवं, नाहीतर माणूस तिशीपर्यंत दुसऱ्याची हौस स्वतःची समजून ओढत राहतं.

तू म्हणशील मग मोगूबाई कुर्डीकर आणि त्यांची मुलगी किशोरीताई आमोणकर, या दोघी गायिकांचं काय, मीच तुला त्यांचं रेकॉर्डिंग लावून झोपवायचे. त्यांचाच विचार मी फार करतेय सध्या. मोगूबाई १९०४च्या, गोव्यातल्या कुर्डी गावच्या, तेच गाव जे साळावली धरणात गेलं आणि मे महिन्यात पाणी उतरलं की वर येतं (धरण म्हटल्यावर आता कान टवकारले असतील तुझे). त्यांच्या आईला, जयश्रीबाईंना, पोरीनं मोठी गायिका व्हावं ही आस. पोरीला नाटक कंपनीत घातलं आणि १९१४ला जयश्रीबाई वारल्या, मोगूबाई जेमतेम दहा वर्षांच्या. पुढं आपल्या सांगलीत जयपूर घराण्याचे मोठे गायक अल्लादियाखाँसाहेब औषधोपचारासाठी आले होते, त्यांनी ह्या मुलीचा आवाज ऐकला आणि शिकवायला लागले. म्हणजे एका आईची इच्छा फळाला आली, पण ती बघायला आईच नव्हती. आणि मोगूबाईंना एवढी विद्या मिळून मान कुठं मिळाला? थर्ड क्लासचा प्रवास, कुणाच्यातरी घरी उतरायचं, बिदागी किरकोळ. मागे तंबोऱ्याला बसलेल्या किशोरीताई हे सगळं बघत होत्या. पुढं त्या श्रोत्यांनी शांत बसावं, आयोजकांनी नीट वागावं म्हणून हट्ट धरायच्या तेव्हा लोक त्यांना तापट म्हणायचे, मला ते कधीच पटलं नाही. आईला जो मान मिळाला नाही तो मुलगी वसूल करत होती! किशोरीताई सिनेमासाठी गायल्या तर माईंनी, म्हणजे मोगूबाईंनी, बजावलं होतं की माझ्या तंबोऱ्यांना हात लावायचा नाही, इतकी कडक शिस्त. आणि तरी शेवटी किशोरीताईंचं गाणं माईंच्या गाण्यासारखं राहिलं नाही, आलाप संथ झाला, स्वराकडे बघायची नजरच वेगळी झाली, घराण्याच्या लोकांनी नावं ठेवली.

माईंनी नुसती इच्छा दिली नाही, स्वतः गळ्यातून काढून विद्या दिली. म्हणून किशोरीताईंना ती मोडून नवं काही करता आलं. माझ्याकडे तुला द्यायला मध्यमापुरतं गाणं आणि उरलेली सगळी इच्छाच होती. नुसत्या इच्छेला मोडणार कशी गं, तिच्याशी भांडताही येत नाही. तू गप्प बसून गात राहिलीस ते म्हणूनच असणार.

तर गाणं बंद कर. फक्त क्लासच्या बाईंना तू स्वतः फोन करून सांग, ते काम माझ्यावर ढकलू नकोस, त्यांनी तुझ्यावर फार मेहनत घेतलीय. तंबोरा इथंच राहील. बाईंकडे सकाळी मोठ्या माणसांची बॅच असते, मी नाव घातलंय, या वयात आवाज कुठवर लागतो बघू. नाही लागला की फोन करून तासभर कुरकुर करणार आहे आणि तू ती ऐकायची, मधे "हो गं आई" म्हणून फोन ठेवायचा नाही.

आणि पुढच्या वेळी जतला जाताना मलाही घेऊन चल एकदा, तू विहिरीत काय बघतेस ते मला बघायचंय. फील्डच्या बुटांचं सोल निघालं म्हणालीस ना, पैसे पाठवलेत, स्वस्तातले घेऊ नकोस.

तुझी,
आई