तुतीची छाटणी थंडीत आणि करवतीने व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा जवळ आला की गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये झाडे छाटण्याची घाई सुरू होते आणि तुतीवर बहुतेक वेळा सर्वांत आधी कुऱ्हाड पडते. पिकलेल्या फळांचे जांभळे डाग फरशीवर आणि गाड्यांवर पडतात, फांद्या तारांना टेकतात, अशा तक्रारी असतात आणि त्या खोट्या नाहीत. परंतु त्यावर उपाय म्हणून सगळ्या फांद्या एका उंचीवर उडवून नुसता बुंधा उभा ठेवण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, ती झाडालाही घातक आहे आणि त्याखालून ये-जा करणाऱ्या माणसांनाही.

‘तुती कशीही तोडली तरी फुटते’ हा समज बहुधा रेशीम शेतीवरून पसरला असावा. बीड, जालना भागांतील शेतकरी तुतीची तळछाटणी करतात, म्हणजे जमिनीपासून थोड्याच उंचीवर सर्व फांद्या कापतात, आणि बाग पुन्हा जोमाने फुटते, हे खरे आहे. मात्र ती तुती पहिल्या वर्षापासून झुडूप म्हणूनच वाढवलेली असते, तिच्या फांद्या बोटाएवढ्या जाड असतात आणि तिला शेणखत व पाणी नियमित मिळते. अंगणातल्या जुन्या झाडाच्या मांडीएवढ्या फांदीला हा न्याय लावता येत नाही. सुमारे दोन इंचांपेक्षा जाड फांदीची जखम तुतीला सहजी भरून काढता येत नाही. उघडे पडलेले लाकूड पावसात भिजत राहते, बुरशी आत शिरते आणि काही वर्षांत खोड पोकळ होऊ लागते. शिवाय तोडलेल्या टोकाभोवती जे सरळसोट धुमारे येतात, ते सालीलगत वरवर जोडलेले असल्यामुळे जड झाले की वाऱ्यात तेच आधी मोडतात. म्हणजे ज्या धोक्यासाठी झाड तोडले, तो धोका वाढतो.

छाटणीची योग्य वेळ डिसेंबर ते जानेवारीचा आरंभ ही आहे. त्या काळात तुतीची पाने गळलेली असतात, फांद्यांची रचना स्पष्ट दिसते आणि कापल्यावर पांढरा चीकही कमी वाहतो. आधी वाळलेल्या, रोगट, एकमेकींवर घासणाऱ्या आणि आतल्या बाजूला वळलेल्या फांद्या काढाव्यात, आणि एका वर्षात झाडाचा चौथ्या हिश्शाहून अधिक विस्तार कमी करू नये. दरवर्षी थोडे थोडे काढत राहिले तर जाड फांदीला हात लावण्याची वेळच येत नाही. मोडून लोंबकळणारी फांदी मात्र कोणत्याही महिन्यात ताबडतोब काढावी.

जाड फांदी एका दमात वरून कापली तर ती पडताना खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते. म्हणून खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालच्या बाजूने एक तृतीयांश खाच घ्यावी, मग तिच्या थोडे पुढे वरून कापून फांदीचे वजन उतरवावे आणि शेवटी उरलेला खुंट काढावा. फांदी जेथे खोडाला मिळते तेथे सालीचा एक फुगीर कडा असतो. तो शाबूत ठेवून त्याच्या लगेच बाहेर कापावे, कारण जखम त्या कड्यापासूनच भरत येते. मोठ्या जखमेवर डांबर किंवा ऑइलपेंट न लावता बोर्डो पेस्ट लावावी. शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवून एकत्र करावा. चकचकीत लोखंडी खिळा त्यात मिनिटभर बुडवावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे असे समजून आणखी घालावा. ही पेस्ट त्याच दिवशी वापरावी.

विजेच्या तारांजवळची फांदी स्वतः कापू नये. ओली फांदी आणि ॲल्युमिनियमची शिडी दोन्हींतून वीज वाहते. वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद झाल्यावरच ते काम अनुभवी माणसाकडून करून घ्यावे.

शेंडे आखडून पाने चुरगळली असतील तर तो तुक्रा नावाचा विकार असतो आणि आत पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढऱ्या पिठासारख्या थराचे रस शोषणारे किडे, सापडतात. असे शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवावेत. मुले फळे झाडावरूनच तोडून खातात, त्यामुळे विषारी औषध फवारण्याचा विचारही करू नये. बुंध्याशी भुसा पडलेला दिसला तर खोडकिडा लागला आहे. छिद्रात तार घालून अळी मारावी आणि छिद्र चिखलाने बुजवावे. बुंध्यालगत फरशी किंवा काँक्रीट नसावे, आणि पाणीही साचू देऊ नये, कारण त्याने मुळे कुजतात.

शहरी भागात 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही झाड तोडण्यातच मोडते, त्यामुळे छाटणीपूर्वी पालिकेची परवानगी घ्यावी. माझी वृक्ष प्राधिकरणांना विनंती आहे की, परवानगीपत्रात केवळ ‘फांद्या छाटणे’ असे न लिहिता कोणत्या फांद्या, कोठून आणि कोणत्या महिन्यात कापायच्या हे नमूद करावे, आणि ठेकेदाराच्या माणसांना कुऱ्हाडीऐवजी करवत वापरण्याची अट घालावी.

आपला,
एक वाचक, पुणे